शेजारणीला द्यायचा पेला

टेलरबाई बरी झाली याचा चर्चच्या सगळ्या मंडळीला आनंद झाला होता. पाळकसाहेबांनी तसं भर उपासनेत सांगितलं. छातीच्या आजारानं तिनं अंथरूण धरलं, तेव्हा याच माणसांनी तिला जगवलं होतं. नवरा गेलेला, पोटी मूल नाही. रोज कुणी ना कुणी जेवणाचा डबा दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवून, हाक मारून, ती दार उघडायच्या आत निघून जाई. तिनंही त्यांचं कमी केलं नव्हतं. लग्नाचे झगे, गायकांचे अंगरखे, शवपेटीत ठेवताना घालायचे कपडे, सगळं तिच्याच मशीनवर शिवलेलं. कुणाचं पोट किती सुटलंय हे त्याच्या बायकोआधी हिला कळायचं.

डॉक्टर म्हणाले, "आता तुमच्यापासून कुणालाच धोका नाही." तेव्हा तिला पहिल्यांदा आठवला तो पेला.

त्यांच्या देवळात प्रभुभोजनाचा द्राक्षरस पाळक पाजत नसत. सगळे वेदीपुढच्या कठड्यापाशी ओळीनं गुडघे टेकत आणि एकच पेला हातोहात फिरे. आपण घोट घ्यायचा, कड पुसायची, शेजारच्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, "हे तुझ्यासाठी." शेवटच्यानं उरलेलं संपवायचं. लग्न होऊन आल्यापासून तिच्या डावीकडे धाकटी जाऊ असे. घरात दोघींचं कितीही वाजलेलं असो, तिथं ते म्हणावंच लागे.

रविवारी टेलरबाईनं आपल्या जागी गुडघे टेकले. जाऊ उठली.

"इथं वारा लागतो हो, ताई," म्हणाली आणि ओळीच्या उजव्या टोकाला गेली. तिच्यामागे दीर उठला, बेकरीवाला उठला. त्याच्या सासूला एरवी उठवायला दोघं लागत, तीही टुणकन उठली.

पेला आला. टेलरबाईनं घोट घेतला, कड पुसली आणि सवयीनं पेला डावीकडे धरला.

"हे तुझ्यासाठी," ती रिकाम्या गालिच्याला म्हणाली.

मागं कुणीतरी खुदकन हसलं. तिनं उरलेलं संपवलं. बरंच उरलं होतं.

बाहेर पाळकीणबाईंनी तिला गाठलं. "मनाला लावून घेऊ नकोस. लेकराबाळांची माणसं आहेत. अंगात ताकद येईपर्यंत डबे चालूच राहतील हो."

"बाई, मी शिवलेले कपडे चालतात की सगळ्यांना."

"कपडे धुता येतात गं," पाळकीणबाई मायेनं म्हणाल्या.

पुढच्या प्रभुभोजनाला ट्रेमध्ये इवलेइवले काचेचे ग्लास आले, प्रत्येकाला वेगळा. मंडळीचे पंच घसा खाकरून म्हणाले, "सर्वांच्या सोयीसाठी. आणि टेलरबाई, जुना पेला खास तुम्हाला ठेवलाय. मान समजा."

माना कौतुकानं डोलल्या.

टेलरबाईनं पेला घेतला, घोट घेतला, कड पुसली. मग ती उठली, ओळीच्या मागून चालत जावेपाशी गेली आणि तिच्या शेजारी गुडघे टेकून बसली.

"हे तुझ्यासाठी."

जावेनं आपला ग्लास उलटा करून दाखवला.

"माझं झालं, ताई. तुमचं आटपा ना, सगळे खोळंबलेत."

खरंच सगळे थांबले होते. उरलेलं संपल्याशिवाय शेवटचं गीत सुरू करता येत नव्हतं. गायकांनी पुस्तकं उघडून धरली होती. टेलरबाई प्यायला लागली, तेव्हा बेकरीवाल्याच्या सासूनं हळूच पदर नाकाला लावला.