भाऊबंदांचा पैसा आणि हिलाल

जळगावच्या एका जिनिंगमध्ये हिलाल हिशेब लिहायचा. राहायला धरणगावजवळच्या खेड्यात, रोज एसटीने जाऊन-येऊन. जिनिंगचे शेठ कापूस भरून ठेवायचे, पण सगळा भाव चढायची वाट बघत कधीच नाही. थोडा माल आधीच गिरणीला ठरल्या भावाने देऊन टाकायचे. भाव चढला तर उरलेल्यात कमवायचं, पडला तर दिलेल्यात वाचायचं. हिलालने हे बघून बघून उचललं.

नव्वद साली त्याने स्वतःचे थोडे पैसे शेअरमध्ये घातले. ते वाढले. मग सुकदेवआबांनी दिले. आबा म्हणजे त्याचे थोरले काका, साऱ्या भाऊबंदकीचे वडीलधारे. आबांनी दिले म्हटल्यावर त्यांचा मुलगा अभिमन मागे राहतो काय? मग बाकीचे. केळीचे, कापसाचे, म्हैस विकलेले, पोरीच्या लग्नाला बाजूला काढलेले, सगळे पैसे हिलालकडे. कागद नाही, सही नाही. घरच्या माणसाकडून कोणी लिहून घेतं का? नफ्यातला दहावा हिस्सा हिलालचा, बाकी ज्याचा त्याचा. नियम मात्र त्याने एकच सांगितला होता, आलेल्या पैशातला तिसरा भाग शेअरमध्ये जाणार नाही. त्याचं सोनं घ्यायचं. "बाजार पडला, तर हे सोनं आपल्याला झेलेल," असं तो सगळ्यांना समजावून सांगायचा.

दोन वर्षं त्याचं काय कौतुक झालं! लग्नात गादीवर बसायला त्याला बोलावणं. मुलगी दाखवायला न्यायची तर हिलालभाऊ सोबत पाहिजेत. त्याची बायको प्रमिलाबाई पाण्याला गेली, तर बाया बाजूला होऊन तिचा हंडा आधी भरू द्यायच्या. देवाने दिलं, तर ते गुमान घ्यावं. या लोकांना ते कमी पडायला लागलं.

ब्याण्णव सालची होळी नुकतीच झाली होती. बाजार असा चढलेला की सकाळचा भाव संध्याकाळी जुना वाटावा. आबांच्या ओट्यावर सगळे जमले होते.

"हिलालभाऊ," अभिमन म्हणाला, "आम्हनं सोनं पेटीमा झोपी ऱ्हायनं. तू त्याले पाळणा हालावस का?"

सगळे हसले.

"ते झोपेल नही, पहारा करस," हिलाल म्हणाला.

"पहारा करस म्हने! बांगड्या भरी ले, बांगड्या. शेअर घेवाले छाती लागस."

हिलाल आबांकडे बघत राहिला. त्याला वाटलं, आबा तरी याला गप्प करतील. आबांनी सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाले, "पोरे बराबर सांगतंस. ईकी टाक सोनं."

थोरल्या काकाला तोंडावर नाही म्हणायची त्यांच्याकडे रीत नव्हती. जिनिंगच्या शेठला हिलाल दहा वेळा नाही म्हणू शकला असता. आबांना म्हणाला, "बरं." आठवड्याच्या आत सोनं विकलं, सगळा पैसा बाजारात गेला.

उन्हाळा तापला आणि बाजार कोसळला. मुंबईतल्या घोटाळ्याची बातमी गावात पोचली त्याच दिवशी सगळे त्याच्या दारात. हिलालने हात जोडले. "थांबा. आता विकलं तर माती होईल. वर्षभर दम धरा."

"तुन्हा दम धरता धरता आम्हना दम जाई!" अभिमन ओरडला.

कोणी थांबलं नाही. ज्या भावाला कुत्रं विचारत नव्हतं त्या भावाने हिलालला शेअर विकावे लागले. आलेल्या पैशातून आबा आणि अभिमन यांनी आपलं पहिल्यांदा, पुरतं काढून घेतलं. मोठी घरं, त्यांना कोण अडवणार? मागच्यांच्या हाती चिल्लर आली. प्रमिलाबाईच्या अंगावरचं सोनं, हिलालची मोटारसायकल, दोन्ही त्यात गेली. मोटारसायकल अभिमनने नेली.

आणि "सोनं विकायला तुम्हीच सांगितलं ना," असं आबांना त्याने चौघांत विचारलं, तेव्हा आबा म्हणाले, "मी सांगं? माले पेपर वाचता येत नही. शेअरनं माले काय समजस? दहावा हिस्सा कोन खाये, मी का तू?"

चौघांनी माना डोलावल्या. त्यातले तिघे होळीला त्याच ओट्यावर बसलेले होते.

श्रावण आला, कुळाच्या देवीचे, कानबाईचे दिवस आले. कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. ज्याच्या नावाचे गहू पडले तो कुळाचा. मेलेल्याचे तेवढे घेत नाहीत. रोट खायचा हक्कही कुळालाच.

गहू मोजायच्या आदल्या दिवशी आबांची बायको भागाबाई स्वतः प्रमिलाबाईकडे आली. उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "या वरीस हिलालनं नाव लेवानं नही, असं बठ्ठासनी ठरावं. तुन्हा दोन्ही पोरेसनं लेसूत. पन तू त्यानं नाव काढं, ते पोरेसनंबी जाई. मंग त्यासले पोरी कोन दी, ते तू देख."

प्रमिलाबाईने नवऱ्याला काही सांगितलं नाही. सकाळी तिने गहू निवडले, ते नवऱ्यासकट तिघांचेच निवडले.

दुपारी हिलालही आबांच्या ओट्यावर जाऊन बसला. कोणी बस म्हटलं नाही, पण तो बसला. त्याला वाटत होतं, पैशाचं भांडण पैशाचं, आई कानबाईच्या दारात कोणी माणूस तोडत नाही. दार उघडं होतं. आतून एकेक नाव ऐकू येत होतं, गहू सुपात पडत होते. अभिमनचं नाव झालं. त्याच्या भावांची झाली.

"प्रमिला, तुन्हा घरमा पुरुष कितला?" भागाबाईने विचारलं. मुद्दाम मोठ्याने.

हिलाल दाराकडे मान वळवून थांबला.

"दोन," प्रमिलाबाई म्हणाली.

हिलाल उठला, चपला शोधायला लागला.

"का रे, कुठे चालना?" आबांनी विचारलं. "शेअरना भाव देखाले का?"

ओटा हसला.

आत प्रमिलाबाई उरलेले गहू पदरात धरून बसली होती. भागाबाईचं तिच्याकडे लक्ष गेलं. "ते कसाले धरी बठनीस? टाकी दे कोंबडीसले."

प्रमिलाबाई उठली, मागच्या दाराशी गेली आणि पदर झटकला.