न धुतलेला थेंब

तीनदा धुतल्याशिवाय काही वापरायचं नाही, ही माझ्या आईची शिस्त. बंगळूरच्या चिकपेटेतल्या आमच्या घरात भाजी तीनदा, तांदूळ तीनदा, आणि मी बाहेरून आले की माझे पायसुद्धा तीनदा! ती सवय मी प्रयोगशाळेतही सोबत नेली आणि तिनंच माझा घात केला. पण ते कळलं साठच्या दशकातल्या एका खंडेनवमीला.

माझा विषय होता जिवाणूंची भिंत. साखर आणि अमिनो आम्लं गुंफून जिवाणू स्वतःभोवती भिंत उभारतो. त्यातल्या एका आम्लाचं आरशातलं उलटं रूप त्याला खाऊ घातलं तर? उजव्या पायात डावी चप्पल! भिंत कच्ची राहून लांबट जिवाणू फुगायला हवेत, गोल व्हायला हवेत. परदेशी लेखांत तसं छापलं होतं. मी साखर घातलेल्या द्रवात जिवाणू वाढवायची, उलटं आम्ल घालायची, शुद्ध पाण्यानं तीनदा स्वच्छ धुवायची आणि बघायची तर काय, नुसता गाळ! आठ महिने हेच.

शेवटी माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "दसऱ्यानंतर हा विषय बंद. तुम्ही मातीतले जिवाणू मोजायला घ्या." मोजणी! मला रडूच कोसळलं. माझ्यासाठी कोरी वहीसुद्धा काढून ठेवली होती त्यांनी. बोटीनं आलेली उलट्या आम्लाची कुपी तळाला गेली होती. उरलेली चिमूट मी अष्टमीला जिवाणूंच्या द्रवात घालून टाकली.

नवमीला सकाळी धावतच पोचले. तर आमचे वयस्कर मदतनीस, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, आयुधपूजा आटोपून निवांत बसलेले. पाणी शुद्ध करायच्या यंत्राला झेंडूची माळ, सूक्ष्मदर्शकाला गंधकुंकू, दारात फोडलेला कोहळा. पूजलेल्या हत्याराला त्या दिवशी कामाला लावत नाहीत, हे मलाही ठाऊक होतं. पण माझे जिवाणू उद्यापर्यंत थांबणार होते थोडेच!

"अण्णा, शुद्ध पाणी हवंय."

"इल्ला अम्मा, नाही. यंत्राला आज सुट्टी."

"कालचं असेल की!"

"त्या पाण्यानं सगळी यंत्रं पुसली. पूजेला नळाचं पाणी कसं चालेल?"

अस्सा संताप आला म्हणून सांगू! भांडले, मग चक्क हात जोडले. तेव्हा कुठे म्हातारा विरघळला. "सरी, सरी. स्वल्प बघा. नुसतं बघायचं हं, काम करायचं नाही."

खिडकीतल्या उन्हाकडे सूक्ष्मदर्शकाचा आरसा वळवला, न धुतलेलाच थेंब काचेवर ठेवला आणि डोळा लावला. अगं आई गं! गोल! सगळेच्या सगळे गोल, गुबगुबीत, बुंदी पाडल्यासारखे! मी अशी किंचाळले की अण्णांच्या हातातला प्रसाद सांडला.

आणि मग प्रश्न पडला. इतके दिवस हे होते कुठे? पूजेच्या तांब्यात तळाला उरलेलं पाणी बोटानं काचेच्या कडेला सोडलं. पाणी आत सरकलं तसा एकेक गोळा टम्म फुगला आणि फुटून दिसेनासा झाला. साखरेच्या द्रवात कशीबशी तगणारी भिंत ती, साध्या पाण्यात कुठली टिकायला! आठ महिने उत्तर माझ्या हातात होतं आणि मी ते तीनतीनदा धुऊन मोरीत ओतत होते. हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही केलं.

तशीच पळत जाऊन सरांना ओढून आणलं. पूजाअर्चेची टर उडवणारे आमचे सर माळ बाजूला सारून बसले आणि नव्या थेंबावरचा डोळा काढीचनात. तसेच वाकून म्हणाले, "आजच धुतले का नाहीत?"

'विचार करून ठरवलं' असं अगदी जिभेवर आलं होतं. पण अण्णा समोरच उभे.

"पाणीच नव्हतं, सर. अण्णांनी दिलं नाही."

सर वळले. सूक्ष्मदर्शकाच्या नळीवरचं कुंकू त्यांच्या कपाळाला लागलं होतं. त्यांनी मोजणीची कोरी वही उचलून कपाटात ठेवली आणि अण्णांना म्हणाले, "उद्याही सुट्टी द्या यंत्राला."

कुंकवाचं आम्ही दोघांनीही त्यांना सांगितलं नाही.