शारदानं कंप्युटर जाळला, ती गोष्ट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि मी एखादी गोष्ट इतकी वर्षं पोटात ठेवू शकतो, हे तिला शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही. कारण आमच्या घरात बोलणं हे माझं खातं. तशी शेती आहे, हळ्ळीखेडला. पण लग्न असो, बारसं असो, जेवणं उरकली की पाहुणे माझ्याकडं तोंड करून बसतात. अण्णा, ती गोष्ट सांगा. कुठली, हे विचारावं लागत नाही. शारदानं कंप्युटर जाळला, ती.

शारदा माझ्या धाकट्या भावाची बायको. ती गोष्ट मी फार रंगवून सांगतो. माणसं पोट धरून हसतात. शारदाही हसते, पदर तोंडाला लावून.

ती गोष्ट खोटी आहे.

थांबा — मला सरळ सांगता येत नाही. आधी तिचा हात कसा चालायचा ते सांगू द्या.

भाऊ लॉरीवर, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. समोरच्या खोलीत आम्ही एक कंप्युटर घेतला, शेतकऱ्यांना पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, काढून द्यायला, अर्ज भरायला. बसणार मी, असं ठरलेलं. मी दोन बोटांनी एक नाव टाइप करेपर्यंत समोरच्याची बिडी विझायची. महिन्याभरात त्या खुर्चीत शारदा होती. कन्नड, मराठी, दोन्ही — नजर पडद्यावर आणि बोटं आपली आपली धावतायत. पार राजेश्वरहून माणसं यायची आणि मला बघून विचारायची, 'अक्का न्हाईत का?' मला राग यायचा का? थोडा यायचा. पण त्याहून जास्त, मी दारात उभा राहून बघत राहायचो. बारावी शिकून चुलीपुढं बसलेली ही पोरगी — हिच्या बोटांत हे कुठं दडून बसलं होतं?

त्या वर्षी खंडेनवमीला ट्रॅक्टर, मोटार, शिलाई मशीन यांच्या रांगेत कंप्युटरही पूजेला बसला. आमच्याकडं पूजेला बसलेली वस्तू दुसऱ्या दिवसापर्यंत विसाव्याला असते. तिला हात लावायचा नाही. आई याबाबतीत फार कडक.

दसऱ्याच्या दुपारी शारदानं बटण दाबलं. आतला पंखा अर्धा वळला आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा अर्धाच. तिचा चेहरा उतरला. कुणी विचारायच्या आधीच तिनं सांगून टाकलं — काल संध्याकाळी फोन बंद पडायला आला होता, लॉरीवरून मालकांचा फोन यायचा होता, म्हणून त्याची वायर तिनं कंप्युटरला लावली होती. आई एवढंच म्हणाली, "इसाव्याला बसलेल्या मशिनीला हात लावलीस? कामून गं?"

हुमनाबादहून युसूफभाई आला. दुरुस्तीवाला. मी तोवर त्या डब्याचं पोट उघडं बघितलं नव्हतं. बघितलं आणि — खरं सांगतो — माझी बडबड थांबली. बसवकल्याणच्या किल्ल्यावरून खाली गाव दिसावं तसं होतं ते. गल्ल्या, चौक, टाक्या, आणि केसाएवढ्या वाटा, एकही दुसरीला न भिडणारी. हे माणसानं केलंय? आणि ह्याच्याकडून आपण पहाणी काढतो?

त्याहून नवल युसूफभाईचं. आधी आपल्याजवळचा पॉवरचा डबा जोडून बघितला. पंखा अर्धाच. म्हणजे आमचा डबा चांगला, बाजूला ठेवला. मेमरीची पट्टी काढून खोडरबरनं पुसली, परत बसवली. अर्धाच. मग डिस्क सोडवली, एकेक वायर सोडवली. पट्टीही काढली, आणि छोटा भोंगा लावून कान दिला. बोर्ड जिवंत असता तर पट्टी नाही म्हणून तक्रारीची शिट्टी तरी मारली असती म्हणे. काही नाही. कुणावर बोट न ठेवता, एकेकाला निर्दोष सोडत सोडत तो शेवटी एकावर येऊन थांबला. मी इतकं न्यायानं वागणारं माणूस घरात पहिल्यांदाच बघत होतो.

"बोर्ड गया, अण्णा. बाकी सब अच्छा है."

मग त्यानं तो बोर्ड खिडकीपाशी उजेडात धरला. एका खाचेखाली चिकट पांढरा डाग वाळलेला. तारांच्या टोकांना हिरवट चढलेलं. आणि त्या डागात तांदळाचा एक दाणा. हळदीचा. त्यानं नखानं खरवडून वास घेतला, आणि माझ्याकडं बघितलं. इतक्या माणसांत फक्त माझ्याकडं. घरात पूजा कोण करतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

हो. मीच.

पूजेच्या वेळी सगळे अंगणात ट्रॅक्टरपाशी गेले होते. खोलीत मी एकटा. ट्रॅक्टरच्या तोंडावर नारळाचं पाणी शिंपडलं होतं. कंप्युटर तर त्याहून मोठा देव. डब्याच्या माथ्यावर जाळी होती. मी अक्षता टाकल्या आणि उरलेलं अख्खं पाणी त्या जाळीतून सोडलं. मागची वायर भिंतीतल्या प्लगात तशीच. पाणी आत झिरपलं — मला वाटलं, पूजा पावली.

शारदानं विचारलं, "भाई, माझ्या फोननं गेलं का ते?"

युसूफभाईनं तोंड उघडलं. पण त्याच्या आधी मी बोललो. "दुसरं काय असंल? जाऊ दे शारदा, चुकून होतंय माणसाकडून."

ऐकलंत ना? मी तिला माफ केलं. मी — तिला.

युसूफभाईनं तो दाणा खिडकीत ठेवला आणि हत्यारं पिशवीत भरली.

दोन दिवसांनी नवा बोर्ड बसला. पडदा उजळला, आणि तिनं भरलेले सगळे अर्ज, सगळी नावं, जिथल्या तिथं! एवढा मोठा भाग बदलला आणि एक अक्षर हललं नाही. मी शारदाला हाक मारली. ती उंबऱ्यापर्यंत आली, मशिनीला लांबून हात जोडले आणि आत गेली. त्या खुर्चीत ती परत बसली नाही. मी काही दिवस दोन बोटांनी ओढलं, मग खोली बंद केली.

गोष्ट मी त्यानंतर सांगायला लागलो. तिचं मन हलकं व्हावं म्हणून, असं मी स्वतःला सांगायचो. पण खोटं साधं सांगितलं तर कुणी उलटतपासणी करतं. हसवून सांगितलं की कोण करणार?

गेल्या महिन्यात बायकांच्या संघातून दोघी आल्या. संघाला कंप्युटर मिळालाय, रोजचं काम आहे, शारदाअक्का पूर्वी करायच्या म्हणे. आई आता नाही. शारदा स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. टॉवेलखाली तिची बोटं हलत होती, एकेक, ओळीनं. मी बघितली.

तिनं माझ्याकडं वळून विचारलं, "अण्णा, जमंल का मला?"

एवढंच तर विचारलं होतं. एका शब्दाचं काम होतं.

समोर दोन नवीन माणसं बसलेली. माझं तोंड आपोआप सुरू झालं. पंखा अर्धा कसा वळला, तिचा चेहरा कसा झाला, आई काय म्हणाली — सगळं, हातवाऱ्यांसकट. त्या दोघी खूप हसल्या. शारदाही हसली. "मशिनीचं मला जमत न्हाई, बाई," ती म्हणाली, आणि शेजारच्या सुनेचं नाव सुचवलं.

त्या गेल्या. शारदानं कपबश्या गोळा केल्या आणि आत नेल्या.