चार आणि साडेचारच्या मधे

बायकोची मागणी मी चार मिनिटांत बंद केली. फोरमवर वेळ नोंदलेली असते, म्हणून नक्की सांगता येतं. तिनं लिहिलं सहा वाजून दोन मिनिटांनी, मी बंद केली सहा वाजून सहा मिनिटांनी. तेव्हा मी कारखान्यातून सुटून नंजनगूडहून म्हैसूरला येणाऱ्या गाडीत उभा होतो, आणि मागणी कुणाची आहे हे मला ठाऊक नव्हतं.

फोरम तंबोऱ्याच्या एका मोफत अ‍ॅपचा. परदेशातला एक प्रोग्रॅमर नोकरी सांभाळून ते एकटा बनवतो. फोनवर पट्टी निवडली की तंबोरा वाजत राहतो, एवढंच त्याचं काम. पण वापरणाऱ्या प्रत्येकाला त्यात काहीतरी वाढवून हवं असतं. कुणाला मागे नदीचा आवाज हवा, कुणाला पडद्यावर मोर. मला गाणं येत नाही. मी कारखान्यात माल तपासतो. बायकोच्या फोनवर अ‍ॅप बंद पडायचं म्हणून एकदा तक्रार लिहिली. ती इतकी मुद्देसूद निघाली की त्या प्रोग्रॅमरनं मलाच फोरमचा मॉडरेटर केलं.

मी आल्यावर शिस्त आली, हे माझे विरोधकही मान्य करतील. मागणीसाठी मी नऊ रकान्यांचा नमुना केला. फोन कोणता, आवृत्ती कोणती, आता काय होतं, काय व्हायला हवं, किती जणांना उपयोग. नमुना न भरलेली मागणी त्याच दिवशी बंद. शिवाय एक नियम खास स्वतःसाठी: घरच्या माणसांच्या मागणीत मॉडरेटरनं पडायचं नाही. हा नियम कुणी मागितला नव्हता.

त्या दिवशीची मागणी दोन ओळींची होती. ‘माझा आवाज खाली आला आहे. सा चार आणि साडेचारच्या मधे कुठेतरी लागतो. तिथे तंबोरा लावता येईल का?’ इथे गाणारे पट्टी अशी आकड्यांत सांगतात, आणि अ‍ॅपमध्ये चारनंतर एकदम साडेचार येतं. नऊपैकी एकही रकाना भरलेला नव्हता. ‘अपूर्ण. कृपया नमुना भरा,’ असं लिहून मी खाली ठरलेला धन्यवाद जोडला.

घरी आलो. बायकोनं पुढ्यात तांदळाची अक्की रोटी ठेवली.

“तुमच्या फोरमवर कुणी मोठे साहेब आहेत म्हणे. चार मिनिटांत नाही म्हणतात.”

“कोण?”

“हे काय, समोर बसून चटणी मागतायत.”

मला उलगडायला अर्धी रोटी लागली. मग मी म्हणालो, “अगं, मला सांगायचं होतंस.”

“सांगितलं असतं तर काय म्हणाला असता? घरच्यांचं काम मी करत नाही. अल्ला री?”

आमच्या घराण्यात मराठी टिकली आहे, पण भांडण निम्म्यावर आलं की कन्नड लागतं. ‘अल्ला री’ म्हणजे ‘खरं की नाही हो’. खरंच होतं.

सात महिन्यांपूर्वी तिच्या गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. बोलणं तीन आठवड्यांत पूर्ववत झालं, डॉक्टर खूश झाले, मीही झालो. गाणं मात्र आलं नाही. लग्नाआधीपासून ती साडेपाचात गायची. आता साडेचार ओढून घ्यावं लागे आणि चारात आवाज विझल्यासारखा होई. महिनाभर तिनं रोज प्रयत्न केला, मग शनिवारी शिकायला येणाऱ्या पाच बायकांना दुसरीकडे जायला सांगितलं आणि फोनवरचा तंबोरा लावणं सोडलं. मी विचारलं की म्हणायची, “सुम्ने बसा.” गप्प बसा. मी बसलो. माझ्या शिस्तीत तेही बसत होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं नमुना भरला. ‘किती जणांना उपयोग’ या रकान्यात लिहिलं, ‘एक’. मला उत्तराचा प्रामाणिकपणा आवडला आणि मागणीचं भवितव्यही दिसलं. मी फोरमवर जाहीर केलं की अर्जदार माझ्या घरात राहतात, सबब मी या निर्णयातून बाहेर आहे. निर्णय दुसऱ्या मॉडरेटर बाई घेतील. बाई दोन आठवडे रजेवर होत्या. रजेचा तक्ता मीच केला होता.

त्या दोन आठवड्यांत चर्चा वाढली. एका गटाचं मत आहे की जगातलं सगळं संगीत चुकीच्या कंपनसंख्येवर लावलेलं आहे आणि डोकेदुखीपासून युद्धांपर्यंत सगळं त्यामुळेच होतं. त्यांनी बायकोची मागणी आपलीच समजून उचलून धरली. मग त्यांची टर उडवणारे आले. मग टर उडवणाऱ्यांना समज देणारे आले. एकूण चौऱ्याण्णव उत्तरं झाली. मी मोजली, मूळ मुद्द्यावर सहा होती.

त्या सहापैकी चार हुणसूरच्या एका निवृत्त संगीतशिक्षकांची. मी त्यांना पूर्वी दोनदा ताकीद दिलेली होती, एकदा लांबीबद्दल आणि एकदा भाषेबद्दल. त्यांचं म्हणणं असं: मधल्या जागा दिल्या की पोरं आवाज तंबोऱ्याला लावायच्या ऐवजी तंबोरा आवाजाला लावतील. ‘शिष्यानं गळा सुधारावा. यंत्र बिघडवू नये.’ वाईट गोष्ट अशी की मला ते पटत होतं. कारखान्यात मालाला बसेल अशी मोजपट्टी कुणी मागितली असती तर मीही हेच बोललो असतो.

“तुम्हाला पटतंय ना त्यांचं?” बायकोनं विचारलं.

“मी निर्णयातून बाहेर आहे.”

“घरातूनही व्हाल एक दिवस.”

तिनं त्यांना उत्तर लिहिलं. ‘गळ्याचं ऑपरेशन झालं आहे. सात महिन्यांत सुधारला नाही. आता जो आहे तो हाच.’

  तिसऱ्या दिवशी शिक्षकांकडून तिला खाजगी निरोप आला, कन्नडमध्ये, एका ओळीचा. ‘अम्मा, आपला सा गाऊन पाठवा.’

माझ्या नऊ रकान्यांत हे कुठेच विचारलेलं नव्हतं.

“नको,” ती म्हणाली. “फाटका आवाज परक्या माणसाला कशाला ऐकवू?”

“पाठव गं.”

“तुम्ही बाहेर आहात ना? मग बाहेरच राहा.”

तीन दिवस तो निरोप तसाच पडून राहिला. चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, तिला अचानक कढीपत्ता हवासा झाला. फ्रिजमध्ये होता, मी पाहिलेला. मी पिशवी घेतली, खाली उतरलो आणि फाटकापाशी थांबलो. शेजारच्यांचा पाण्याचा पंप चालू होता. तो बंद झाल्यावर वरून आवाज आला. पहिल्यांदा तुटला. दुसऱ्यांदा तुटला आणि मागून तिचं “छे” ऐकू आलं. तिसऱ्यांदा टिकला. किती सेकंद ते मी मोजायला लागलो होतो, पण मधेच आकडा सुटला. माझ्या बाबतीत असं होत नाही.

कोपऱ्यावर जाऊन मी कढीपत्ता आणला. तिनं तो फ्रिजमधल्या कढीपत्त्याशेजारी ठेवला.

संध्याकाळी शिक्षकांचं रेकॉर्डिंग आलं. त्यांनी घरचा तंबोरा तिच्या सा ला लावून पंचवीस मिनिटं छेडला होता. अकराव्या मिनिटाला खोकले आहेत. आवाज फाटका आहे असं तिनं सा पाठवताना लिहिलं होतं, त्यावर निरोप: ‘फाटका नाही. उतरला आहे. उतरलेला आवाज वेगळा असतो. रोज अर्धा तास, खालच्या सप्तकापासून.’ तिनं तो मला वाचून दाखवला आणि चष्मा पुसायला घेतला. पुसून झाल्यावरही पुसत राहिली.

सोमवारी सकाळी मी डबा भरत असताना आतून तंबोरा सुरू झाला आणि मागोमाग ती. मी गाडी चुकवली.

शिक्षकांचं मत बदललं असेल असं मला वाटलं होतं. बुधवारी त्यांनी फोरमवर पुन्हा लिहिलं: मधल्या जागा अ‍ॅपमध्ये देऊ नयेत, माझा विरोध कायम आहे. एका अम्मांची अडचण ही त्या अम्मांची अडचण. तिला माणसानं उत्तर द्यावं, यंत्रानं नव्हे. त्यावर बायकोनं लिहिलं की सर, प्रत्येक उतरलेल्या गळ्यासाठी आपण कुठवर तंबोरा छेडत बसणार? आणि छेडलात तरी खोकायचं कधी थांबणार?

रजेवरून परतलेल्या बाईंनी मागणी प्रोग्रॅमरकडे पाठवली. उत्तर आलं, ‘विचाराधीन’. अजून तेच आहे. दरम्यान खोकल्याचा उल्लेख व्यक्तिगत टीकेत मोडतो की नाही हा प्रश्न माझ्याकडे आला. बाईंनी यावेळी हात वर केले. तोल राहावा म्हणून मी दोघांना एकेक ताकीद दिली. शिक्षकांची तिसरी, बायकोची पहिली.

तिनं ती स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचली, फोन डब्यांच्या फळीवर टेकवला, पंचवीस मिनिटांचं ते रेकॉर्डिंग लावलं आणि भाजी चिरत गायला लागली. शनिवारच्या पाचपैकी दोघी परत येतायत. बाकीच्या तिघींना दुसरीकडच्या बाई आवडल्या आहेत. त्याबद्दल तिचं त्या तिघींशी अजून चालू आहे, फोनवर, आणि त्यात मी पडत नाही.