लसणाची साक्ष

मुलगी दर रविवारी डबा घेऊन यायची. एका रविवारी ती डबा न आणताच आली आणि आजपासून इथंच स्वयंपाक करीन म्हणाली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. उभी हयात वकिलीत गेलेल्या माणसाला साक्षीदारानं सूर बदलला की लगेच कळतं.

तिचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, चौदाव्या मजल्यावर. माझं विद्यानगरात, तळमजल्यावर, पुढं चार कुंड्या मावतील एवढं अंगण. तिची आई गेल्यापासून मी इथं एकटा राहतो आणि मरेपर्यंत इथंच राहायचा माझा विचार आहे. शेजारचं घर बिल्डरनं पाडून तिथं पाच मजले चढवले, त्यामुळे ही घर विकायला बघतेय या माझ्या शंकेला आधार होता. आदल्याच रविवारी ती आल्या आल्या पाणी प्यायला म्हणून आत गेली आणि मग घरातल्या सगळ्या खिडक्या एकेक करून सताड उघडत सुटली. का, तर म्हणे कोंदट वाटतंय. गिऱ्हाईक आणायच्या आधी घर किती हवेशीर आहे ते बघत असावी, असं मी मनात नोंदवलं. पुढं एकदा गेटपाशी शेजारणीशी तिची कुजबुज चाललेली दिसली. एकदा तर तिनं मोबाइलवर सिलिंडरचा फोटो काढला. सिलिंडरचा फोटो कोण काढतं? कुठंतरी पाणी मुरत होतं. मी घराच्या कागदपत्रांची फाइल कपाटातून काढून तांदळाच्या डब्यामागं ठेवली.

खरं सांगायचं तर मलाही एक गोष्ट लपवायची होती. चोराच्या मनात चांदणं. हिवाळ्यात मला ताप आला, तो गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. उदबत्ती, कॉफी, नासलेलं दूध, कशाचाच वास येईना. डॉक्टर म्हणाले, येईलही परत, नाहीही येणार. मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गॅसच्या शेगडीपाशी एकट्यानं वावरणाऱ्या म्हाताऱ्याला मुलीनं दुसऱ्याच दिवशी चौदाव्या मजल्यावर नेऊन बसवलं असतं. म्हणून तिच्या प्रत्येक फोडणीला मी अंदाजानं वा म्हणत होतो आणि ताकास तूर लागू देत नव्हतो.

चौथ्या रविवारी ती झिंगे घेऊन आली, रामनगरच्या बाजारातून साफ करून आणलेले. आमच्या घरात झिंगे कधीच शिजले नव्हते. मी मित्रांकडं खाऊन यायचो आणि तिची आई मला अंगणातल्या नळावर हात धुतल्याशिवाय आत घेत नसे. तेव्हा आता नाक मुरडणं मला भागच होतं. हा वास चार दिवस घरातून जात नाही, अशी मी तिच्या आईच्या वतीनं हरकत नोंदवली. मुलीनं माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाली, पास्ता करते, बटर-लसणातला, पंधरा मिनिटांत होतो, तुम्ही बसा पेपर वाचत.

मी बसलो, पण कान आत होते. नाक गेल्यापासून कानांवर फार भार पडलाय. पास्त्याचं पाणी उकळल्याचा आवाज आला. मग सुरी लाकडी पाटावर बारीक टकटक वाजली, म्हणजे लसूण. मग तव्यात बटर पडून चुरचुरलं. मी मनात वीसपर्यंत आकडे मोजले. कुणी विचारायच्या आधीच बोललं की साक्ष खरी वाटते, हे मी कित्येक अशिलांना शिकवलंय.

"लसणाचा काय घमघमाट सुटलाय गं," मी बाहेरून म्हणालो. "भूक खवळली माझी."

आतून शेगडी बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"अप्पा, जरा आत या."

मी गेलो. तव्यात बटर वितळून पिवळं पडलं होतं, दुसरं काही नव्हतं. झिंगे वाडग्यात तसेच. आणि पाटावर बारीक चिरलेल्या लसणाचा पांढरा ढीग, त्यातला कणही हललेला नव्हता. माझं पितळ उघडं पडलं होतं. मुद्दाम केलंस का, म्हणून मीच तिच्यावर खेकसलो. रागावण्यावाचून हातात दुसरं काही उरलं नव्हतं.

ती रागावली नाही. स्टुलावर बसली आणि हळूच म्हणाली, "अप्पा, मी खिडक्या उघडल्या तो रविवार आठवतोय का? तुमचा चहा उतू जाऊन गॅस विझला होता. मी दारातून आत आले तर घरभर गॅस, आणि तुम्ही टेबलापाशी पेपर वाचत बसलेले. पाच मिनिटांनी चहाचं बघायला उठून तुम्ही लायटर लावला असता."

मला तो चहा आठवला. शेगडी बंद दिसली तेव्हा मीच बंद केली असेल असं वाटलं होतं. मी ओटा धरून उभा राहिलो.

शेजारणीला तिनं लक्ष ठेवायला सांगितलं होतं. फोटो दुकानदाराला दाखवायला काढला होता. पर्समधून तिनं एक पांढरी डबी काढली, भिंतीवर लावायची, गॅस सुटला की बोंब मारणारी. तीन आठवडे ती पर्समध्येच पडून होती.

"मग दिली का नाहीस?"

"तुम्ही स्वतः सांगाल म्हणून थांबले," ती म्हणाली.

जन्मभर लोकांना खरं बोलायची शपथ घेताना ऐकलेला मी, मला मान वर करवेना. लाज वाटली, तीही घर जाईल या भीतीपेक्षा मोठी.

तिनं शेगडी परत पेटवली. लसूण घातला, झिंगे दोन्ही बाजूंनी गुलाबी केले, पास्ता त्याच्याच अर्ध्या वाटी पाण्यासह ओतला, वर लिंबू पिळून कोथिंबीर टाकली. चौदाव्या मजल्याचं नाव तिनं काढलं नाही. कधीतरी काढेल, ही शंका मला अजून आहेच.

जेवायला बसलो. जिभेला मीठ कळलं, लिंबाचा आंबटपणा कळला, बाकी सगळं मऊ आणि मुकं. पहिल्यांदाच मी खरं सांगितलं, मला यातलं काही कळत नाही. मग विचारलं, कसा येतोय वास, तूच सांग.

तिनं हातातला घास नाकाशी नेला.

"आई ओरडली असती असा," ती म्हणाली.

आधी ती हसली, मग मी, आणि मग तिच्या आईच्या आठवणीनं दोघांनाही रडू आलं. ताटं तशीच ठेवून आम्ही उठलो आणि घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या.