विहिरीवालीची वही

शेजूळ काकांनी पहिल्याच भेटीत माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. छावणी भागात त्यांचं एका शटरचं वाचनालय होतं. नव्या गठ्ठ्यातली एक भयकादंबरी मी उचलली होती. मुखपृष्ठावर केस मोकळे सोडलेली बाई होती आणि तिच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. काकांनी तिच्यावर तळहात ठेवला.

"मॅडम, हिला बघू नका. ही चित्रकाराची हाय. तुमची तुम्हाला आत भेटल."

मग त्यांनी खाकी कागद आणि कात्री काढली, दोन मिनिटांत कव्हर घातलं, वर नाव लिहिलं आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. त्यांच्याकडची सगळी भुताची पुस्तकं अशी खाकी कपड्यांत होती. सामाजिक कादंबऱ्याही होत्या, पण त्या मागच्या रांगेत आणि धूळ खात. "रडायची पुस्तकं" म्हणून त्यांचा उल्लेख होई.

वाळूजच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं फिटरचं काम केलं होतं. निवृत्तीनंतर लोक शेती बघतात, देवळात जातात. काकांनी भुतं वाटायला घेतली.

त्यांच्याकडे एक जुनी कादंबरी होती. तिची पहिली पानं कधीच गळाली होती, त्यामुळे नाव कोणालाच माहीत नव्हतं. सगळे तिला 'विहिरीवाली' म्हणत. एक जोडपं नव्या घरात राहायला येतं, मागे विहीर असते आणि भर दुपारी तिथे एक बाई पाठमोरी उभी असते. गंमत अशी की अडीचशे पानांत लेखकाने तिचा चेहरा एकदाही सांगितलेला नाही. फरशीवर ओली पावलं उमटतात, कडी वाजते आणि शेवटच्या प्रकरणात दोन शब्द येतात: 'ती वळली.' संपलं.

हे पुस्तक परत करणाऱ्याला काका सोडत नसत. टेबलाला सुतळीने बांधलेली एक वही होती. तिच्यात नाव लिहायचं आणि पुढे एका ओळीत 'कशी दिसली?' याचं उत्तर. वहीची पहिली ओळ त्यांनी स्वतःसाठी कोरी ठेवली होती. "आपली सवडीनं," एवढंच ते म्हणत.

मी ती वही उभ्या उभ्या वाचून काढली. एका बँकेतल्या बाईंनी लिहिलं होतं, 'पोपटी साडी. आमच्या मोठ्या मामींची होती तशी.' होस्टेलमधल्या मुलीला रेक्टर मॅडम दिसल्या होत्या. रोज फुलंब्रीहून येजा करणाऱ्या एका गृहस्थांना नुसतं कपाळ दिसलं होतं, खाली काही नाही. शेजारचे टेलर रफिकभाई मराठी वाचत नसत. काकांनी त्यांना सगळी गोष्ट रोज थोडी थोडी तोंडी सांगितली होती आणि त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवलं होतं: 'ब्लाउज उल्टा सिला हुआ था. गला पीछे कू.'

मी बांधकामावर सुपरवायझर आहे. घाबरायला मला वेळ नसतो. पुस्तक वाचून झाल्यावर मी लिहिलं, 'कोणी दिसलं नाही. विहिरीला कठडा नाही, हे धोक्याचं आहे.'

काकांनी चष्मा कपाळावर चढवून ते वाचलं. "कठडा?"

"हो. अडीच फुटांचा तरी हवाच."

"बाई, तुम्हाला भूत दिसत नाय. तुम्हाला काम दिसतं."

त्या दिवसापासून मी 'मॅडम'ची 'बाई' झाले. साइटवरून परतताना आठवड्यातून एकदा तरी तिथे थांबायची सवय लागली. वाद ठरलेला असायचा. मी म्हणायची, सिनेमात अंधार असतो, दचकवणारं संगीत असतं, भूत प्रत्यक्ष समोर येतं. मग भीती पुस्तकाची जास्त कशी?

"सिनेमा दोन तास घाबरवतो अन् दिवे लावून घरी धाडतो," काका म्हणायचे. "पुस्तक तुमच्यासंगं घरी येतं. अन् लेखक नुसती कडी वाजवतो, बाई. दार उघडाया तुम्हीच जाता."

"और दर्जी के घर में दर्जी का भूत," रफिकभाई मशीन न थांबवता पलीकडून म्हणत.

मग 'विहिरीवाली'वर खरंच सिनेमा आला. नाव भलतंच होतं, पण गोष्ट तीच. मी माझ्या जावेबरोबर गेले. बाई विहिरीतून वर आली, डोळे पांढरेफटक, अंगात पायघोळ पांढरा झगा. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर इतका वेळ थांबला की मला कपाळावर चिकटवलेल्या केसांची कड दिसली. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "मावशी, आमच्या बी दोन बादल्या काढा! आठ दिस झाले नळ नाय!" अख्खं थिएटर हसलं. जाऊ तर माझी उसळ करपली की हसते तशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

काकांनी सिनेमा पाहिला नाही. त्यांना त्याचा त्रास मात्र झाला. पुढच्या दोन महिन्यांत सात जणांनी पुस्तक परत केलं आणि सातही जणांनी वहीत लिहिलं, 'सिनेमातल्यासारखी.'

"सात माणसं अन् एक बाई," काका वही मिटत म्हणाले. "आधी सात माणसांच्या सात बाया होत्या. सहा जणी कुठं गेल्या?"

मला हे जरा अतीच वाटलं.

त्याच उन्हाळ्यात वरच्या फळीवरचं पुस्तक काढताना ते स्टुलावरून पडले. पायाला प्लास्टर लागलं, चष्म्याचे तुकडे झाले. मुलगा पुण्याला. तो येऊन चार दिवस राहून गेला. वाचनालयाच्या मागच्याच खोलीत काका पडून होते, नवा चष्मा यायचा होता, वाचता येत नव्हतं. मी टॅब घेऊन गेले आणि तोच सिनेमा लावून त्यांच्यासमोर उभा केला. मोठं चित्र, मोठा आवाज. म्हटलं, वेळ जाईल.

"नको, बाई."

"का? एवढी भुतं पाळलीत आणि सिनेमाला भिता?"

हे मी बोलायला नको होतं. टोमणा त्यांना लागला. शेवटपर्यंत त्यांनी सिनेमा पाहिला. संपल्यावर म्हणाले, "बाईनं काम चांगलं केलं," आणि भिंतीकडे तोंड केलं.

प्लास्टर निघालं, शटर उघडलं, पण टेबलावर वही नव्हती. सुतळी तेवढी लोंबत होती. मी विचारलं, तर म्हणाले, "ठिवली आत." दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं.

"आमची अक्का होती, फुलंब्रीला. आई शेतात जायची, मला अक्काच सांभाळायची. मी जेवायला लई तरास द्यायचो. मागच्या दारात बसवून भाकर चारायची अन् म्हणायची, 'खा, नाय तर ती येईल.' मी विचारायचो, कशी असती ती? तर म्हणायची, 'आल्यावर बघ.' कधी सांगितलंच नाय. मी भ्यायचो अन् खायचो. मी आठ वर्षांचा असताना ती तापानं गेली. फोटो नाय, काय नाय. आवाज राहिला, चेहरा हळूहळू पुसला गेला."

मी लोंबती सुतळी उचलून टेबलावर ठेवली.

"मग चाळिशीत हे पुस्तक हाती आलं. 'ती वळली' वाचलं अन् अक्का दिसली. लख्ख."

"भीती वाटली?"

"लई. अन् पान सोडवत बी नव्हतं. तवापासून वर्षाला एकदा वाचतो. तेवढीच भेट." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "काल वाचलं. आता ती सिनेमातली बाई वळती. डोळ्यात पांढरं घालून."

माफी मागणं मला जमत नाही. गिलावा चुकीचा बसला, तर मी माणसं लावून तो खरवडते. मी पुस्तक मागितलं, स्टूल ओढलं आणि शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचलं. काकांनी डोळे मिटून मान हलवली. पुन्हा वाचलं. पुन्हा तीच. पलीकडचं मशीन थांबलं होतं.

"काका, तिचे पाय कसे होते?"

"कुणाचे?"

"सिनेमात पाय दाखवलेलेच नाहीत, झग्यात होते. पुस्तकात मात्र पावलं आहेत. ओली. बघा."

त्यांनी डोळे पुन्हा मिटले. "डाव्या अंगठ्याला चिंधी," ते म्हणाले. "खुरपं लागलं होतं."

"रंग?"

"हिरवा. आईच्या लुगड्याची."

"टाचा?"

"भेगा. उजवीला जास्त."

मी साइटवर विचारते तसंच विचारत गेले. पाया, जोतं, मग भिंत. परकर कुठवर, कुठे फाटलेला, हातात काय. हातात भाकरीचा तुकडा निघाला. कोपरावर भाजल्याचा डाग निघाला. वेणी कुठल्या खांद्यावर, हे विचारताना काकांनी एकदम हात वर केला. त्या हातावर काटा आला होता.

"आली?" मी विचारलं.

"गप बसा, बाई."

बाहेर रिक्षा चालल्या होत्या, ऊन टेबलापर्यंत आलं होतं. तरी मी वळून मागच्या दाराकडे पाहिलं. रफिकभाई आत येऊन उभे होते. तेही तिकडेच पाहत होते. ते मला हळूच म्हणाले, "बाजी, पंखा बंद करूं क्या? ठंड लग री."

दुसऱ्या दिवशी वही परत टेबलावर आली.

काकांना जाऊन आता दोन वर्षं झाली. झोपेत गेले, कोणाला त्रास दिला नाही. मुलाने पुस्तकं एका शाळेला दिली. 'विहिरीवाली' आणि वही मात्र माझ्याकडे आणून दिली. म्हणाला, "अण्णांनी सांगून ठेवलं होतं." मी पहिलं पान उघडलं. इतकी वर्षं कोरी असलेली पहिली ओळ भरलेली होती: 'वामन शेजूळ. दिसली. सांगणार नाय.'

मागच्या रविवारी दुपारी, घरात कोणी नसताना, मी ते पुस्तक पुन्हा वाचलं. विहिरीला कठडा अजूनही नाही. पण या वेळी फरशीवर मला पावलं दिसली, ओली, आणि मग पाय. डाव्या अंगठ्याला हिरवी चिंधी होती.

मी त्याच्या वर पाहिलं नाही. पुस्तक मिटलं आणि आधी मागच्या दाराची कडी बघून आले.