दुसरा भाग आधी

राजापेठेतल्या ज्या क्लासमध्ये मी बारावीच्या पोरांना केमिस्ट्री शिकवते, तिथंच रविवारी सकाळी आमचं सिनेमा मंडळ भरतं. मंडळ म्हणजे आम्ही पंधरा-वीस टाळकी, एक प्रोजेक्टर आणि एक नियम: सिनेमा संपल्यावर मत मांडल्याशिवाय कोणालाही चहा मिळत नाही. त्यामुळे न कळलेल्या सिनेमावरही आमचं मत असतंच.

त्या रविवारी परदेशातला एक विचित्र सिनेमा होता. अर्ध्यावरच नायक पुलावरून नदीत पडून मेला. मग मध्येच जिवंत होऊन घरी मासे तळू लागला. त्याला स्वतःच्याच आवाजात फोन येत होते, 'पुलावर जाऊ नकोस.' कोणालाही काही खटकलं नाही. असल्या सिनेमात असंच असतं म्हणून आम्ही मोठ्या समजूतदारपणे माना डोलावत बसलो.

माझ्या शेजारी अकोल्याहून येणारा माझा मित्र होता. आम्ही लग्न करायचं ठरवलं होतं. त्याचे आईवडील हिवरखेडला आमच्या घरी येऊन गेले, चहापोहे झाले, आईला तो आवडलाही. मग पत्रिकेत एकनाड निघाली. बाबा म्हणाले, "पत्रिका जमून नाही राहिली." मी 'बरं' म्हटलं आणि अमरावतीला परत आले. त्यानंतरही आम्ही दोघं सिनेमाला येत होतो, शेजारी बसत होतो, पण लग्नाचं नाव कोणी काढत नव्हतं. नशिबातच नाही म्हटल्यावर काय बोलणार?

चर्चेत तो म्हणाला, "नायकाच्या हातात काहीच नव्हतं. त्याचं मरण आधीच ठरलं होतं. किती का फोन येईनात, तो पुलाकडंच जाणार."

माझं डोकंच फिरलं. "काहून? पाय त्याचेच होते ना? घरी बसता येत नव्हतं?"

मंडळी दोन गटांत वाटली गेली. वाद ऐन रंगात आला, तेव्हा प्रोजेक्टर सांभाळणारे आमचे दातांचे डॉक्टर पडेल चेहऱ्यानं उभे राहिले. म्हणाले, "माफ करा, सिनेमाच्या दोन फाइल होत्या. मी दुसरा भाग आधी लावला."

हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. मीही हसले, पण मग गप्प झाले. शेवट आधी पाहिला म्हणून त्या माणसाचं एकेक पाऊल आम्हाला पुलाकडं जाताना दिसत होतं. तो बिचारा मासे तळत होता तरी आम्ही हळहळत होतो. खरं तर तोवर त्यानं काहीच ठरवलं नव्हतं. आम्हा दोघांचं तरी वेगळं काय झालं होतं? कोणीतरी आधीच शेवट सांगितला आणि आम्ही मुकाट्यानं तिकडं चालायला लागलो. मला स्वतःचाच भयंकर राग आला. चहा न घेता मी बाहेर आले आणि गाड्यांच्या गोंगाटात बाबांना फोन लावला.

"बाबा, मी त्याच्याशीच लग्न करून राहिली."

"इचारून राहिली का सांगून राहिली?"

"सांगून."

मी धीर धरून उभी राहिले.

"मंग तवाच सांगाचं ना, बाई," ते म्हणाले. "मले तं पोट्टा चांगला वाटला होता. पन तू नुसतं बरं म्हनलं अन् बॅग भरली. मले वाटलं, पोरीच्याच मनात नाही, पत्रिकेचं निमित्त तिले बरं सापडलं. म्हनून आमी गप रायलो. त्याच्या बापाले मी फोन लावतो, तू फक्त तारीख सांग."

तो मला शोधत बाहेर आला, तेव्हा मी भर रस्त्यात रडत होते. घाबरून त्यानं विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "बाबाले तारीख पाहिजे."